मूर आणि माळ

इंग्रजी कादंबऱ्यांतला 'मूर' मराठीत आणताना आपण सहसा 'माळ' किंवा 'माळरान' म्हणतो. माळ म्हटला की मुरूम, खुरटे गवत आणि रखरखीत ऊन मनात उभे राहते. स्कॉटलंडमधील रॅनॉख मूर आम्ही पाहिला, तेव्हा तिथे मुख्यत्वे होते ते पाणी.

ग्लेन्कोकडे जाणारा ए-८२ हा रस्ता या मूरच्या पश्चिम अंगाने जातो. वाटेत मोटारी उभ्या करण्यापुरत्या जागा आहेत. महाबळेश्वरी ज्याला 'पॉइंट' म्हणतात, तशाच या. माणसे उतरतात, छायाचित्रे घेतात आणि पाचेक मिनिटांत निघतात. समोर लहानमोठी तळी, करडे खडक, तपकिरी गवत, हेदरची झुडपे. घर म्हणून दिसत नाही. आम्ही रस्ता सोडून दहा पावले टाकली आणि जमीन पायाखाली दबली. हे पीट. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, हजारो वर्षे साचत आलेला, पाण्याने फुगलेला हा थर. त्यात प्राचीन पाइन वृक्षांचे बुंधे सापडतात. म्हणजे हे उजाडपण मुळातले नव्हे. १८९४ साली इथून रेल्वे सुरू झाली, तीही मुळ्या, फांद्या, माती आणि राख यांच्या थरावर जणू तरंगत ठेवलेल्या रुळांवरून.

स्टीव्हन्सनच्या 'किडनॅप्ड' (१८८६) या कादंबरीतील मूर ओलांडण्याचा प्रसंग याच प्रदेशातला मानला जातो. घोडेस्वार शिपाई माग काढीत आहेत आणि दोघे फरारी हातापायांवर रांगत आहेत. रस्त्यावरून डोळ्यांना सुखावणारा विस्तार रांगणाऱ्याच्या जिवावर उठतो. 'देखावा' हा शब्द, आम्हांला वाटते, परतीची सोय असलेल्या माणसाचा आहे.

अनुवादात 'माळ' लिहिले की मोकळेपणा पोचतो, ओल पोचत नाही. 'दलदल' लिहिले की ओल येते आणि क्षितिज हरवते. म्हणून 'मूर' हाच शब्द ठेवावा आणि तो प्रथम येतो तिथे पायाखालची जमीन सांगणारे एक वाक्य मजकुरातच घालावे, असे आमचे मत झाले आहे. तळटीप विद्यार्थी वाचतोच असे नाही. आणि जो त्या प्रदेशी कदाचित कधीच जाणार नाही, त्याच्यापाशी मूर म्हणून उरणार आहे ते तेवढे वाक्यच.