वयाचा रकाना

कापसाच्या व्यापारासाठी ज्या खामगावात १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तेथील एका जैन व्यापारी कुटुंबाच्या घरामागे परसबाग आहे. बागेच्या मध्यावर कडुनिंब उभा आहे. १९७२ च्या दुष्काळात घरातील आजींनी तो लावला. पिण्याचे पाणी मोजून मिळत होते, तेव्हा हात धुतलेले पाणी त्या त्याच्या आळ्यात सोडत. आजी गेल्या, कडुनिंब वाढत राहिला.

धाकट्या मुलाने बागेची नवी आखणी केली. आवारभिंत, मोटारीसाठी छपरी, मधोमध हिरवळ. त्या नकाशात कडुनिंब नव्हता. वडील नकाशा पाहून गप्प राहिले.

भिंत व छपरी यांसाठी १९६६ च्या नगररचना अधिनियमाखाली नगर परिषदेची परवानगी हवी होती. झाड स्वतःच्या जागेतील असले तरी शहरात ते तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षास विशेष संरक्षण मिळाले. आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावण्याचे बंधन आले.

अर्जातील वयाच्या रकान्याशी मुलाचा हात थांबला. नकाशा काढणारे गृहस्थ सहज म्हणाले, "चाळीस लिहा. झाडाचा जन्मदाखला कोण मागतो?"

वडील प्रथमच बोलले, "गादीवर बसून कधी मापात मारले नाही. आता आजीच्या झाडाच्या वयात मारायचे?"

मुलाने खरे वय लिहिले. मात्र सही केली नाही. त्या सायंकाळी तो वडिलांसह प्रतिक्रमणास बसला. वनस्पतिकायाच्या जीवांची क्षमा त्याने लहानपणापासून मागितली होती. त्या दिवशी ते शब्द परसातून आल्यासारखे वाटले. कायदा झाडाचे वय विचारतो. श्रावकाचे अनर्थदंड विरमण व्रत त्याआधीचा प्रश्न विचारते: या हिंसेवाचून आपले खरोखर काही अडते काय? हिरवळीवाचून घरात कोणाचेच अडत नव्हते.

नकाशा पुन्हा काढला गेला. छपरी पुढच्या अंगणात गेली, भिंत मुळांपासून दूर सरकली, हिरवळ रद्द झाली. झाडासाठी अर्ज करण्याचे कारणच उरले नाही. भिंतीची व छपरीची परवानगी ऐन पावसाळ्यात हाती आली. परवानगीची मुदत वर्षाची असल्याने घाई नव्हती. ओल्या मातीतील जीवांचा विचार करून चातुर्मास संपेपर्यंत कुदळ लावायची नाही, असे ठरले. कार्तिकी पौर्णिमेनंतर काम सुरू झाले.

सही न केलेला तो अर्ज वडिलांनी जुन्या चोपड्यांत ठेवला आहे. वयाच्या रकान्यात मुलाच्या हस्ताक्षरातील खरा आकडा आहे.