तेलाचा माग

जुन्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला की माणूस वाकून बघतो आणि जिथून थेंब सुटतोय तिथं बोट ठेवतो. पण ती गळतीची शेवटची जागा असते, पहिली नव्हे. कौलारू घरात पाणी पडतं माजघरात आणि कौल फुटलेलं असतं आढ्यापाशी. मधली सगळी वाट त्यानं वाशांच्या पोटाखालून काढलेली असते. इंजिनाचं तेलही असंच ओघळतं. शिवाय गाडी धावताना समोरचा वारा आणि रेडिएटरमागचा पंखा त्याला सतत मागं रेटत असतात. टॅपेट कव्हरच्या एका कोपऱ्यातून पाझरलेलं तेल ब्लॉकच्या अंगावरून उतरतं, फ्यूएल पंपाला वळसा घालतं, तळाशी तेल साठवणाऱ्या चेंबरच्या काठाकाठानं मागं सरकतं आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी येऊन लोंबतं. ते पाहून कुणीतरी निकाल देतो की मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवायला हवा. वरच्या एका स्वस्तातल्या पॅकिंगसाठी निम्मी गाडी खोलली जाते, आणि गळती जिथं होती तिथंच राहते.

माझ्याजवळ प्रीमियर पद्मिनी आहे, त्यामुळे हा विषय मला रोजच्या जेवणाइतका जवळचा. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसानं 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली आणि 1974 मध्ये त्या गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिनाचं घराणं त्याहून पुष्कळ जुनं. 68 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक, चार सिलिंडर, 1089 सीसी हे माप इटलीत फियाटनं 1937 साली बाजारात आणलेल्या गाडीचं आहे. त्या काळच्या इंजिनाचे सांधे ज्या तऱ्हेनं बसवत, त्या तऱ्हेनंच आजही ते नीट बसतात: पत्रा, ओतीव लोखंड, आणि दोहोंमध्ये कॉर्क किंवा कागद.

कॉर्कविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण मला त्या पदार्थाचं प्रेम आहे. पोर्तुगालमधल्या एका जातीच्या ओक झाडाची ती साल. झाड न तोडता ती सोलतात, आणि एकदा सोलल्यावर नऊ वर्षं त्या खोडाला हात लावत नाहीत. रॉबर्ट हूकनं 1665 साली सूक्ष्मदर्शकाखाली हिचाच पातळ काप पाहिला आणि त्याला त्यात रिकाम्या खोल्यांच्या ओळी दिसल्या. त्या बंद खोल्यांत हवा असते, म्हणून कॉर्क दाबला की दबतो, बाजूला फारसा पसरत नाही, आणि दाब सैल झाला की पुन्हा वर येऊ पाहतो. पत्र्याच्या कव्हराची वेडीवाकडी कड भरून काढायला याहून मायाळू वस्तू त्या जमान्यात नव्हती. मात्र दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेलं कॉर्क पॅकिंग सुकून आखडतं, आणि त्याची भोकं बोल्टांवर येत नाहीत. ते ओढून बसवलं की फाटतं. कोमट पाण्यात काही वेळ ठेवलं की ते पुन्हा मापावर येतं. इंजिनात वर्षानुवर्षं तापून मात्र त्याचा कोळसा होतो. कव्हर काढताना ते तुकड्यातुकड्यांनी सुटतं, आणि त्यातली लवचिकता गेलेली बोटांनाच कळते.

माग काढायचा तर आधी इंजिन धुवायला हवं. या पायरीचा कंटाळा करणाऱ्यावर माझा विश्वास नाही. वर्षानुवर्षांचं तेल आणि रस्त्याची धूळ यांचा जो काळा लेप बसलेला असतो, त्यात नवं तेल कुठून आलं हे कुणालाच दिसत नाही. थंड इंजिनावर डिझेल आणि ब्रश, डिस्ट्रिब्यूटर आणि कार्बोरेटर प्लास्टिकनं झाकलेले, मग पाणी आणि हवा. कोरडं झालं की संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायची. इंजिन पुरतं तापलं की तेल पातळ होतं आणि पांढऱ्या पावडरवर त्याची रेघ उमटते. ती रेघ खालून वर वाचत जायची आणि ती जिथं संपते तिथं थांबायचं. रात्री गाडीखाली पुठ्ठा सारून ठेवला तर आणखी कळतं. चाकाच्या जवळचा डाग ब्रेक ऑइलचा असू शकतो आणि तो असेल तर गाडी हलवायचीच नाही. मागच्या बाजूचा, गंधकासारखा उग्र वास येणारा डाग गिअर ऑइलचा. इंजिन ऑइल बोटांत चोळल्यावर काळं, बुळबुळीत लागतं आणि त्याला जळका वास असतो.

संशयितही ओळखीचे असतात. टॅपेट कव्हर, ब्लॉकला बसलेला फ्यूएल पंप, ऑइल प्रेशरचा स्विच, पुढच्या पुलीमागचं सील, चेंबर, ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर. हा वायसर तर नवाही आणावा लागत नाही. लालभडक तापवून पाण्यात टाकला की तांबं पुन्हा मऊ होतं. पुलीमागच्या सीलचं दुखणं निराळं. रबराच्या ओठानं वर्षानुवर्षं घासून पुलीच्या दांड्यावर चर पाडलेला असतो, आणि नवं सील त्याच चरावर बसलं तर आठवड्यात पुन्हा गळतं. ते किंचित मागंपुढं बसवायचं, म्हणजे ओठाला अखंड पोलाद मिळतं.

चेंबरच्या बाबतीत हाताला आवर घालावा लागतो. गळतंय म्हणून बोल्ट आवळायचे, पुन्हा गळतंय म्हणून पुन्हा आवळायचे, यात पत्र्याची कड प्रत्येक बोल्टपाशी आत चेपते आणि दोन बोल्टांच्या मधे फुगते. मग कितीही भारी पॅकिंग टाका, तेल त्या फुगीर जागेतून निघणारच. चेंबर उतरवून, कड सपाट लोखंडावर ठेवून, हलक्या हातोडीनं एकेक खोलगा वर आणावा लागतो. काही गॅरेजांत हे टाळून नळीतलं सिलिकॉन बोटभर जाड फासतात. बाहेर दिसतं त्याहून अधिक आत पिळलं जातं, आणि त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकले तर बेअरिंगला तेल मिळत नाही. गळक्या गाडीला तेल भरता येतं. बेअरिंग गेलेलं इंजिन मात्र पुरतं बांधायलाच घ्यावं लागतं.

ज्यांच्या हाताखाली मी हे शिकलो ते उस्ताद टॅक्सींच्या जोरावर जगले. कागदाचं पॅकिंग बाजारात नसलं तर ते ब्लॉकवरच शीट ठेवत आणि हातोडीच्या गोल टोकानं कडेवरून टकटक करत जात. लोखंडाची धारच कागद कापत जाई. बोल्टच्या भोकांवर बेअरिंगची गोळी ठेवून एक ठोका, की स्वच्छ गोल चकती आत पडे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली, टॅक्सीचं वय 20 वर्षं ठरलेलं, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावर दिसेनाशी झाली. गाड्यांबरोबर असे कान आणि असे हातही पांगले, याचं मला गाड्यांहून जास्त वाईट वाटतं.

उस्तादांची खरी शिकवण मात्र पॅकिंगची नव्हती. एकाच वेळी चार ठिकाणी तेल दिसलं तर ते पान्याला हात लावायच्या आधी इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढत आणि त्यावर तळहात धरत. हातावर धुराचे भपकारे आले तर म्हणत, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, सील काय करणार बिचारं?" झिजलेल्या रिंगांच्या फटीतून जळालेला वायू खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. ती काजळीनं बुजली की आतला दाब वाट शोधतो, आणि सगळ्यात अशक्त सांध्यातून तेल बाहेर फेकतो. नळी काढून, डिझेलमध्ये बुडवून, तारेनं मोकळी केली की कितीदा तरी सगळ्या गळत्या एकदम ओसरतात. नळी मोकळी असूनही भपकारे थांबले नाहीत तर दुखणं रिंगांचं, आणि मग पॅकिंगवर पैसे घालवण्यात अर्थ नसतो.

सगळंच कोरडं करायचा हट्टही मी धरत नाही. एक्झॉस्टवर पडणारं तेल पेट घेऊ शकतं, ते त्याच दिवशी थांबवायचं. क्लच प्लेटपर्यंत पोचलेलं तेल गाडीला घाटात दगा देतं, तेही लांबवायचं नाही. पावसाळ्यात रस्त्यावर तवंग सोडत जाणारी गाडी मागच्या दुचाकीवाल्याला आडवा पाडू शकते; तिथं आपल्या सोयीचा प्रश्नच येत नाही. उरतो तो मागच्या सीलचा ओलसरपणा, ज्याला थेंबही धरत नाही. नवं कॉर्क तापून बसलं की चेंबरचे बोल्ट एकदा हलक्या हातानं तपासायचे, दर रविवारी समतल जागी थंड इंजिनाची गेज काढून बघायची, पातळी खालच्या खुणेला टेकायच्या आत तेल भरायचं, आणि ते सील क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरेल त्या दिवसापर्यंत तसंच राहू द्यायचं.