हात राखून

मराठी भाषेने माणसाच्या हातावर जेवढा भार टाकला आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवावर टाकला असेल. सुगरणीच्या हाताला चव असते, वैद्याला हातगुण असतो, दात्याचा हात सढळ असतो आणि कंजुषाचा आखडता. कामात कुचराई करणाऱ्याला ‘हा हात राखून काम करतो’ असे आपण म्हणतो आणि ते म्हणताना आपल्या स्वरात नापसंती असते. गेली बारा वर्षे आम्ही मात्र अक्षरशः हात राखून जगत आहोत. आमच्या दोन्ही हातांना इसब आहे.

इसबाचे प्रकार अनेक. आमच्या वाट्याला आलेला प्रकार तळहातावर आणि बोटांच्या कडांना येतो. २०१३ सालच्या मे महिन्यात, वसईच्या दमट उकाड्यात, त्याने प्रथम दर्शन दिले. आधी बोटांच्या बेचक्यांत चुरचुरल्यासारखे झाले, मग अनावर कंड सुटली आणि दोन दिवसांत त्वचेच्या आत बारीक, घट्ट, पाणीदार पुटकुळ्या दिसू लागल्या. आमच्या पाच वर्षांच्या नातवाने त्या निरखून पाहिल्या आणि निर्णय दिला, “आजी, तुझ्या हातात साबुदाणे घुसलेत!” पुढे कळले की वैद्यकाच्या पुस्तकांतही या फोडांना साबुदाण्याचीच उपमा देतात. तळहाताची कातडी जाड असल्यामुळे हे फोड सहसा फुटत नाहीत. आतल्या आत ठसठसतात. दोन-तीन आठवड्यांनी ते सुकतात, त्वचेची साले निघतात आणि खाली उरते ती लालसर, कोवळी, भेगाळलेली कातडी. ती जरा सावरते न सावरते तोच साबुदाण्यांचे नवे पीक येते.

या विकाराच्या नावाची कथा उद्बोधक आहे. टिलबरी फॉक्स नावाच्या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञांनी १८७३ साली त्याला ‘डिसहायड्रोसिस’ असे नाव दिले. घामाला बाहेर पडण्यास अडथळा होऊन हे फोड येतात, अशी त्यांची समजूत होती. पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले की फोडांचे मूळ घामाच्या ग्रंथींत नसते. समजूत गेली, नाव राहिले. दुसरे नाव ‘पॉम्फोलिक्स’. या ग्रीक शब्दाचा अर्थ बुडबुडा. ज्याचे कारण नीट उमगले नाही, त्याला माणूस निदान नाव तरी देतो.

नावाने कंड मात्र शमत नाही. दिवसा कामाच्या रगाड्यात ती सुसह्य असते. रात्री घरातील दिवे मालवले की तिला जाग येते. खाजवावे तर फोड चिघळतात, न खाजवावे तर झोप नाही. आणि भेगा पडल्यावर स्वयंपाकघरातील प्रत्येक पदार्थ आपला खरा स्वभाव प्रकट करतो. लिंबू पिळणे, मिरची चिरणे, मीठ लावलेले बोंबील धुणे या एरवीच्या क्षुल्लक गोष्टींसाठी मनाची तयारी करावी लागते. लसणाची पाकळी सोलणे ही धाडसाची कृती ठरावी, असे आम्हांला कधी स्वप्नातही वाटले नव्हते.

हाताचा रोग लपत नाही आणि दिसला की सल्ला मिळतो. कोणी कडुनिंबाचा पाला उकळून दिला, कोणी हळद-तेल लावण्यास सांगितले, कोणी लिंबू चोळण्याचा आग्रह धरला. या सर्व मंडळींच्या प्रेमाविषयी आम्हांला शंका नाही. परंतु लिंबाच्या रसाने आणि लसणाच्या लेपाने निरोगी त्वचाही भाजते, मग भेगाळलेल्या त्वचेची काय कथा! आपल्याकडे इसब, गजकर्ण, खरूज ही तिन्ही नावे एकाच दमात घेतली जातात, हीदेखील एक अडचणच. गजकर्ण बुरशीमुळे होते, खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते आणि ही दोन्ही एकाकडून दुसऱ्याकडे जातात. इसब मात्र त्वचेच्या स्वतःच्याच प्रक्षोभातून उद्भवते. ते कोणाकडून येत नाही आणि कोणाला देता येत नाही.

या गोंधळाचा खरा धोका औषधाच्या दुकानात दिसतो. खाज म्हटली की पुष्कळदा चिठ्ठीवाचून एक नळी पुढे केली जाते. तिच्यात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी खिचडी असते. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत आराम पडतो आणि दुकानदार धन्वंतरी ठरतो. परंतु रोग गजकर्णाचा असेल तर त्याच मलमाच्या आडोशाने बुरशी पसरत राहते; आणि मलम महिनोन्महिने लावले तर त्वचा पातळ होते. या दुरुपयोगामुळे केंद्र सरकारने २०१८ साली चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. याचा अर्थ स्टेरॉइड हे विष आहे, असा मात्र नव्हे. हाताच्या इसबावर तेच मुख्य औषध आहे. किती तीव्र, किती दिवस आणि शरीराच्या कोणत्या भागावर, हे ठरवणारा डॉक्टर हवा, एवढेच. जाड तळहातावर चालणारे मलम चेहऱ्यावर चालत नाही.

आम्ही मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात त्वचारोग विभागात गेलो. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी पायांची बोटेही तपासली, कारण पायाच्या बुरशीची प्रतिक्रिया कधीकधी हातावर उमटते. मग त्यांनी पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीखाली एकेक संशयित पदार्थ. योसेफ यादासोन या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली मांडलेली ही कसोटी आजही जवळजवळ त्याच रीतीने घेतात. दोन दिवसांनी पट्ट्या काढतात आणि आणखी दोन दिवसांनी पाठ पुन्हा पाहतात. आमच्या पाठीवर निकेल या धातूच्या जागी लाल चट्टा उठला. किल्ल्यांचा जुडगा, कात्रीची मूठ, बाजारातल्या नकली बांगड्या, असा निकेलचा संसार आमच्या हातात रोज खेळत होता.

परंतु खरी तपासणी पुढेच होती. डॉक्टरीणबाईंनी विचारले, “दिवसातून किती वेळा तुमचे हात पाण्यात जातात?” आम्ही म्हणालो, “चार-सहा वेळा.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “एक दिवस मोजून या.” दुसऱ्या दिवशी आम्ही दारामागच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने रेघा ओढू लागलो. तांदूळ धुणे, भाजी, मासळी, सकाळची भांडी, ओट्याची पुसणी, नातवाचे कपडे, दुपारची भांडी, अंगणातील तुळशी-मोगऱ्याच्या कुंड्या, रात्रीची भांडी. झोपताना मोजले तर एकतीस रेघा. जर्मनीत कामगारांच्या त्वचारक्षणासाठी ‘ओल्या कामा’ची व्याख्या केली आहे. ज्याचे हात दिवसाकाठी बराच वेळ ओले राहतात किंवा ज्याला वारंवार हात धुवावे लागतात, तो ओले काम करणारा समजला जातो आणि त्याच्या त्वचेची काळजी घेणे मालकाचे कर्तव्य ठरते. त्या हिशेबाने आपल्या धर्मग्रामातील जवळजवळ प्रत्येक घरात एक ओले काम करणारी कामगार आहे. तिच्या मालकाचे नाव मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही.

तेव्हापासून आमच्या दिनक्रमाला काही नियम लागले. वाचकांपैकी कोणाला उपयोग व्हावा म्हणून ते येथे नोंदवतो. आपल्या त्वचेचा गुण किंचित आम्ल असतो आणि अंगाच्या वडीचा साबण क्षारधर्मी. म्हणून साबण बेताचा आणि पाणी कोमट, कढत नव्हे. हात टिपून घ्यावेत, घासू नयेत, आणि ओलसर असतानाच त्यांवर पेट्रोलियम जेली अथवा डॉक्टरांनी दिलेले साधे मलम चोपडावे. दिवसातून एकदा नव्हे, हात धुतल्यानंतर प्रत्येक वेळी. भांड्यांसाठी रबरी हातमोजे, पण त्यांच्या आत सुती मोजे. नाहीतर घामानेच आत नवे संकट शिजते. रात्री मलम लावून सुती मोजे घालून निजावे. फोड फार पाझरू लागले तर डॉक्टर पोटॅशियम परमँगनेटचे फिकट गुलाबी पाणी हात बुडवण्यासाठी सांगतात. ते गडद झाले तर त्वचा भाजते, आणि फिके असले तरी नखे तपकिरी होतात. पू झाला, हात सुजला किंवा ताप आला तर घरी थांबू नये.

२०२० साली कोविडच्या साथीत साऱ्या जगाने हात धुण्यास प्रारंभ केला आणि आमच्या विकाराचे पुष्कळ नवे भागीदार झाले. त्या काळात रुग्णालयांतून राबणाऱ्या आपल्या परिचारिका भगिनींचे हात आम्ही पाहिले आहेत. त्यांची सेवा सर्वांनी टाळ्या वाजवून गौरवली. त्यांच्या तळहातांवरील भेगा फारशा कोणी पाहिल्या नाहीत.

येथवर जे लिहिले ते कातडीचे दुःख. याहून निराळे एक दुःख असते आणि त्याला मलम नाही. एका नाताळाच्या आधी गावातील स्त्रियांनी करंज्या करण्याचे ठरवले होते. आम्ही पाट मांडून बसलो, तोच एका जुन्या विद्यार्थिनीने आमच्या पुढ्यातील पिठाची परात हलकेच ओढून घेतली. “बाई, तुम्ही आज नुसत्या बसा. आम्ही करतो सगळं.” स्वर मायेचा होता. पण त्यानंतर कोपऱ्यातून आलेली कुजबुज आमच्या कानांवर पडलीच: “पसरत असेल तर?” अठ्ठावीस वर्षे ज्या हातांनी गावातील मुलांना अक्षरे गिरवायला शिकवली, त्या हातांचे काय करावे, हे त्या दुपारी आम्हांला कळेना. आम्ही ते पदराखाली घेतले.

पुढे ती सवयच लागली. मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देण्याची वेळ येई. भारतातील उपासनाविधीसाठी १९६९ साली जे बारा मुद्दे मान्य झाले, त्यांत अंजली जोडून शांती देण्याची मुभा आहे आणि देणाऱ्याचे हात घेणाऱ्याने आपल्या हातांत धरण्याचीही आहे. पहिल्या मुभेबद्दल आम्ही मनोमन आभार मानत होतो. दुसरीच्या भीतीने बाकाच्या टोकाला जागा धरत होतो. शुभवर्तमानातील कुष्ठरोग्याची कथा त्या दिवसांत आम्हांला निराळी दिसू लागली. आमचा रोग तो नव्हता. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला संवेदना नसते आणि आमच्या हातांना तर ती नको इतकी होती. तरीही त्या माणसाला बरे करण्यासाठी शब्द पुरला असता, मग प्रभूने हात का पुढे केला, हे आम्हांला पूर्वीपेक्षा अधिक उमजले.

अखेर पुढच्या नाताळाच्या तयारीच्या सभेत आम्ही उठून उभे राहिलो आणि दोन्ही तळहात सर्वांसमोर उघडे केले. शाळेत धडा शिकवावा तसे पाच मिनिटांत सांगितले: याचे नाव हे, याचे कारण हे, हे पसरत नाही. भेगा उघड्या असताना आम्ही पीठ मळणार नाही, कारण कोणाच्याही हातावरच्या उघड्या जखमेतील जंतू अन्नात जाऊ शकतात. पण सारण भाजू, हिशेब ठेवू, आणि हात बरे असतील त्या वर्षी मळूही. क्षणभर शांतता पसरली. मग एका परिचारिकेने आपल्या बोटांच्या कडा दाखवल्या. केस रंगवण्याचे काम करणाऱ्या एका मुलीने मनगटापर्यंत ओढलेली बाही वर केली. तिसरीने आपल्या गवंडी नवऱ्याबद्दल विचारले. सिमेंटमधील क्रोमेटमुळे गवंड्यांनाही असे इसब होते, हे तिला ठाऊक नव्हते. त्या सभेत करंज्यांचे नियोजन अर्धवटच राहिले, परंतु पुढच्या आठवड्यात तिघीही त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन आल्या.

आमचे हात आजही पूर्ण बरे नाहीत. उन्हाळा आला, मनाला घोर लागला, की साबुदाणे उगवतात. नियम पाळले की लवकर मावळतात. घरी रात्रीची भांडी आमचे यजमान घासतात. सुरुवातीला शेजारी हसत; आता त्यांपैकी दोघे स्वतःही घासतात, असे ऐकतो. दिनदर्शिकेवरील एकतीस रेघा बारा-तेरावर आल्या आहेत, आणि त्या औषधाने नव्हे, कामाच्या वाटणीने कमी झाल्या आहेत.

वाचकांना एकच विनंती. कोणाच्या हाताला भेगा किंवा फोड दिसले तर ‘हे पसरते का?’ असे इतरांना विचारण्याआधी ‘फार दुखते का?’ असे त्यांनाच विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर देतील. दुसरा प्रश्न आपणच विचारायचा असतो.