शहाबादी फरशीचं माहेर

उल्हासनगरची जुनी घरं, अंबरनाथच्या चाळी, बदलापूर गावातली कौलारू घरं, कुठेही जा. मोरीत, ओट्यावर, मशिदीच्या वुजूखान्यात शहाबादी फरशी भेटतेच. राखाडी, निळसर झाक असलेली, उन्हाळ्यात पायाला थंड. हा दगड मात्र आपल्या भागातला नाही. आपला दगड काळा. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर ज्याचं बांधलं, इथल्या खाणीतून ज्याची खडी निघते, तो बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. अशा दगडात चुना दिसलाच तर पोकळ्यांतल्या पांढऱ्या कॅल्साइटच्या खड्यांत.

फरशीचं माहेर पाहायचं तर आपल्याच रेल्वेमार्गाने निघावं. बदलापूर, कर्जत, पुणे, सोलापूर करत जाणारा हा मार्ग 1871 मध्ये रायचूरपर्यंत पोचला. ख्वाजा बंदानवाजांच्या उरुसाला जाणाऱ्यांना तो पाठ आहे. बहुतेक जण गुलबर्ग्यालाच उतरतात. एकदा थोडं पुढे, कागिणा नदीकाठच्या शहाबादला जावं. खाणीत दगड वह्यांच्या थप्पीसारखा थरावर थर दिसतो.

हा चुनखडक 60 कोटी वर्षांहून जुना मानतात. तेव्हा भीमेच्या या प्रदेशात उथळ समुद्र होता. शंख-शिंपल्यांचे प्राणी अजून अवतरले नव्हते, म्हणून फरशीत शंख शोधू नका! पाण्यातला चुना बारीक गाळ होऊन तळाशी बसत गेला. मध्येच चिकणमातीचा पातळ पदर. वरचं ओझं वाढलं तसं गाळातलं पाणी पिळून निघालं आणि चुन्याचे कण स्फटिक होऊन एकमेकांत गुंतले. पुढे दाबाने थोडा चुना पुन्हा विरघळला, न विरघळणारी माती मागे उरली. दगडात काही ठिकाणी दिसणारी बारीक नागमोडी काळी रेघ ती हीच. खाणकामगार छिन्नी लावतो तीही मातीच्या पदरावर, म्हणून सपाट लादी सुटी होते.

नंतर लाव्हा आला आणि या खोऱ्याच्या उत्तर-पश्चिमेचा भाग झाकून गेला. तिथे चुनखडक खाली, बेसाल्ट वर. आपण घरात बरोब्बर उलटं केलं आहे: खाली बेसाल्टची जमीन, वर तिच्याहून किमान नऊपट जुनी फरशी.

मोरी घासताना ॲसिड ओतणाऱ्या भगिनींसाठी एक गोष्ट. फरशीची भुकटी खरवडून तिच्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. गाळात बांधला गेलेला कार्बन वायू होऊन सुटतो. ॲसिडनेही हेच होतं, फरशी दरवेळी थोडी झिजते आणि खरबरीत होते. साबण पुरे.

सध्या जुन्या इमारती पाडून टाइल्स बसवण्याचा सपाटा आहे, आणि निघालेल्या शहाबादी फरश्या डेब्रिसच्या ट्रकमध्ये जातात. आमच्या मते हा शुद्ध अपव्यय. कंत्राटदाराला आधीच सांगितलं तर अखंड लाद्या वेगळ्या काढता येतात. अंगणात, गच्चीवर, कपडे धुण्याच्या जागी त्या पुन्हा बसतात.