शिरेकाठचे बांबो

ब्लांटायर शहर मागे पडले, की मोटार घाट उतरू लागते. वळणे थेट आपल्या खंबाटकीची. खाली मात्र शिरे नदीचे खोरे, उसाचे मळे आणि ऑक्टोबरातला चाळीस अंशांचा उकाडा! मलावी देशातल्या या खोऱ्यात, एका मिशन इस्पितळात २०२२ साली मी दोन महिने काढले. डॉक्टर म्हणून नव्हे. जन्मभर कारखान्यात विजेची यंत्रे दुरुस्त केली, तेवढीच विद्या घेऊन गेलो होतो.

कोठीघर उघडले आणि मी थक्क झालो. परदेशी दात्यांनी धाडलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ओळीने धूळ खात पडलेले! यंत्र मोठे गुणी. साधी हवा ओढून ती दाबाने झिओलाइटच्या खड्यांतून सोडते. खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पलीकडे जवळजवळ शुद्ध प्राणवायू मिळतो. सिलिंडरसाठी शहर गाठायला नको. पण यांतली काही अमेरिकेच्या १२० व्होल्टांची, आणि इथली वीज २३०! कुणीतरी नुसती पिन बदलून ती लावली होती. पुढे काय झाले ते सांगायला नकोच.

मी बाह्या सरसावल्या. आठवड्यात चार यंत्रे चालू केली आणि, खोटे कशाला सांगू, मिशीवर ताव दिला. पुढच्या आठवड्यात त्यांतली दोन बंद!

तिथल्या वृद्ध वायरमनना सारे 'बांबो' म्हणत. चिचेवा भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला तसेच म्हणतात. त्यांनी काही न बोलता यंत्राची मागची जाळी काढून दाखवली. आतला स्पंज काळाठिक्कर! ऊस तोडण्याआधी फड पेटवतात, त्याची काजळी. बांबो आपल्या यंत्रांचे स्पंज दर दोन दिवसांनी धूत आणि खडूने भिंतीवर तारीख मांडत. ती भिंत मी रोज पाहत होतो. विचारले मात्र कधी नव्हते.

पुढे मी त्यांच्या हाताखालीच काम केले. त्या वर्षीच्या जानेवारीत 'आना' वादळाच्या पुराने याच नदीवरचे कापिचिरा वीजकेंद्र बंद पाडले होते; दिवे केव्हाही जात. आम्ही छपरावरच्या सौर पाट्यांची बॅटरी बालकांच्या खोलीकडे वळवली. एक यंत्र साडेतीनशे वॅट खाते. म्हणून एकाच यंत्राच्या नळीला फाटे काढून तीन तान्ह्यांची सोय केली.

त्याच रात्री वीज गेली. न्यूमोनियाने धापा टाकणारे एक बाळ, उशाशी त्याची आई, आणि अंधारात कान देऊन उभे आम्ही दोघे. यंत्राची घरघर थांबली. मग खट्‌ असा आवाज झाला आणि ती पुन्हा सुरू झाली. "झिकोमो, बांबो," परिचारिका म्हणाली. हे आभार अर्थात त्यांचे होते.

निघताना त्यांनी माझ्या खिशात एक चिठ्ठी सरकवली. फ्यूज, स्पंज, झडपा. पुढे नगांचे आकडे. आणि तळाशी एक ओळ : "यंत्रे पाठवू नका."