भाड्याचा हिशोब

"साहेब, तुमच्यासारखाच एक फ्लॅट बघून ठेवलाय."

निवृत्तीला चार महिने उरलेले आमचे सुभेदार साहेब, मूळचे साताऱ्याकडचे, हे म्हणाले आणि माझ्या पोटात गोळा आला. रायपूरच्या माझ्या फ्लॅटबद्दल मी युनिटमध्ये एकच आकडा सांगत आलो होतो: महिना ११,००० रुपये भाडं. बाकीचे आकडे डायरीत होते.

फ्लॅट जुना, दोन बेडरूमचा, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मुद्रांक आणि नोंदणी धरून ३१ लाखांना पडला. दुरुस्तीला दोन लाख धरले होते, साडेतीन लागले. ठेकेदार अर्ध्यावर गेला, तेव्हा मी स्वतः सकाळी चावडीवर जाऊन माणसं आणली. आपल्याकडे चावडी म्हटलं की तलाठी आठवतो. इथे चावडी म्हणजे मजुरांचा नाका. तिथून आलेल्या मिस्त्रीने गच्चीवर उभं राहूनच सांगितलं, "साहब, पहले छत." पावसाळ्यात गळणारी आणि नौतप्यात तापणारी तीच. गच्ची, नळ आणि वायरिंग यांवर १ लाख ९० हजार गेले. उरलेले १ लाख ६० हजार मी मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंगवर घातले. ती माझी हौस.

घर बघायला आलेल्यांनी तीन गोष्टी विचारल्या: पाणी किती वेळ येतं, कूलर कुठे बसेल, वरच्या मजल्यावर किती तापतं? सीलिंगकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही. दुरुस्तीआधी ९,००० मिळाले असते, आता ११,००० मिळतात. वर्षाला २४,००० जास्त. साडेतीन लाख वसूल व्हायला साडेचौदा वर्षं, तेही व्याज न धरता.

त्या संध्याकाळी मी सुभेदार साहेबांसमोर डायरी उघडली. वर्षाचं भाडं १,३२,०००. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं, ११,००० वजा. दलालाचे ५,५००. सोसायटीचे १४,४००. मालमत्ता कर ३,६००. किरकोळ दुरुस्तीला १२,०००. हातात उरले ८५,५००. गुंतले साडेचौतीस लाख. म्हणजे अडीच टक्के, आणि यावर आयकर अजून बाकी. तिथे मालमत्ता कर वजा केल्यावर ३० टक्के सरसकट सूट मिळते, पण सोसायटीचा आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा वजा होत नाही.

मग दुसरी बाजू मांडली. सुभेदार साहेबांना पन्नास पूर्ण झालीत. निवृत्त सैनिकाला ज्येष्ठ नागरिक बचत योजना पन्नाशीपासून खुली आहे. मर्यादा ३० लाख, व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला. तीस लाखांवर वर्षाला २,४६,००० होतात. त्यावरही कर आहे, पण गच्ची गळत नाही.

"पण घराची किंमत वाढते की, साहेब."

वाढते. मात्र ही तूट भरून काढायला ती दरवर्षी पावणेसहा टक्क्यांनी वाढायला हवी, तीही विकताना हातात पडली पाहिजे. रायपूर २००० साली राजधानी झालं, आता नवा रायपूरकडे इमारती उभ्या राहताहेत. नवं घर मिळत असताना जुन्या वरच्या मजल्याला गिऱ्हाईक किती देईल, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. आणि ग्रॅच्युइटी, कम्युटेशनचे पैसे आयुष्यात एकदाच येतात.

ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब, हे आधी का नाही सांगितलंत? मी बयाणा द्यायला निघालो होतो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रबोधिनीत शिकवलं होतं की रिपोर्टमध्ये आपलं नुकसान आधी लिहायचं. घराच्या बाबतीत मी फक्त जिंकलेली चौकी सांगत फिरलो.

त्यांनी पानाचा फोटो काढून घरी पाठवला. बयाणा अजून दिलेला नाही. निवृत्तीला टेकलेल्या मित्रांनो, तुम्हाला कोणी भाड्याचा आकडा अभिमानाने सांगितला, तर त्याची डायरी मागा. माझी मागितलीत तरी चालेल.