बेरजेवरून केलेलं निदान

माझ्या दवाखान्यात मधुमेहाचे पेशंट जास्त. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा अधिक आढळतं आणि कुणी विचारत नाही म्हणून ते तसंच राहून जातं. म्हणून मी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली सरसकट सगळ्यांना द्यायला लागलो. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त २७. गुण १० किंवा अधिक आले तर पेशंटशी सविस्तर बोलून निदान करायचं असतं. मी बोलणं गाळलं आणि थेट गोळी लिहू लागलो.

एका शिक्षिकेचे १४ गुण आले. मी एस्सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. काही महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, तेव्हा थायरॉइड मंदावलेला आणि हिमोग्लोबिन फार कमी निघालं. झोप, थकवा, भूक, एकाग्रता, हालचालींतला मंदपणा असे नऊपैकी पाच प्रश्न शरीराच्या आजारातही गुण वाढवतात. हे मला माहीत होतं, तरी मी बेरीजच पाहिली. मधल्या काळात आपलं डोकं बिघडलंय असं समजून तिने दहावीचे वर्ग सोडून दिले होते.

पुढचं सांगताना आजही जड जातं. गर्दीच्या दिवशी नर्स बाकावरच्या पेशंटना प्रश्न वाचून दाखवायची. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. एका सुनेने होकारार्थी मान हलवली. शेजारी सासू बसली होती. ती मुलगी पुन्हा आली नाही. इन्सुलिनवर होती. मी फोन केला, तर ‘आमच्या घरात असलं काही नाही’ म्हणून नवऱ्याने ठेवून दिला.

आकडेमोड मी नंतर केली, आधी करायला हवी होती. शंभरातल्या दहा जणांना नैराश्य आहे आणि चाचणी ८५ टक्के अचूक आहे असं धरलं, तर आठ-नऊ खरे रुग्ण सापडतात, पण नैराश्य नसलेल्या तेरा-चौदा जणांवरही तोच शिक्का बसतो. डॉक्टरांना तपासण्यांबाबत सल्ला देणाऱ्या कॅनडाच्या कृतिदलाने २०१३ मध्ये नैराश्यासाठी सरसकट चाळणी करू नका असं सांगितलं. अमेरिकेच्या तशाच कृतिदलाने २०१६ मध्ये करा म्हटलं, पण अचूक निदान, उपचार आणि पाठपुराव्याची सोय हवी, हेही त्यातच होतं. माझ्याकडे कागद होता, सोय नव्हती. तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञही नव्हता.

विचारणं मी सोडलेलं नाही. आता स्वतः विचारतो, दार लावून, नातेवाइकांना बाहेर बसवून. शंका आली तर आधी रक्त तपासतो, आठवड्याने परत बोलावतो, मग ठरवतो. यात वेळ जातो आणि पेशंट कमी होतात. ते मला मान्य आहे.

हा कागद टेबलावर ठेवणाऱ्या डॉक्टरमित्रांनो, नवव्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाजवळ त्या दिवशी कोण बसणार आणि त्याला कुठे पाठवायचं, हे आधी ठरवा. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तो पेशंटला लिहून द्या. आणि कितीही गर्दी असली तरी तो प्रश्न बाकावर विचारू नका.